अकरा चाळीसची चिठ्ठी

माझी बायको गेल्याचं मला दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी कळलं. तोवर तिला जाऊन पस्तीस मिनिटं झाली होती.

मंगळवार होता. विद्यापीठाच्या व्यवस्थापन मंडळाची बैठक होती आणि छापखान्याचा प्रमुख म्हणून मला तिथे बसावं लागलं होतं. उजवीकडची तिसरी खुर्ची. अध्यक्षस्थानी दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. पण त्या खोलीत तो कुलगुरू आणि मी नुसता ‘छापखाना’. मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचे. आत कुजबुजायचं नाही. कुणासाठी निरोप आला तर थेट त्याला द्यायचा नाही, चिठ्ठी करून कुलगुरूंपुढे ठेवायची. हे दादाचे नियम होते आणि चार वर्षांत कुणी ते मोडले नव्हते. फायली आल्या, चहा आला, कागद आले, गेले. कागदाच्या दराचा माझा विषय सगळ्यात शेवटी निघाला. बैठक संपल्यावर ट्रेमधून फोन उचलला तर त्यावर मुलाचे सतरा कॉल.

सकाळी तो आईला नेहमीच्या तपासणीला घेऊन गेला होता. बैठक आटोपून येतो, असं मी तिला सांगितलं होतं. साडेअकराला अचानक बिघडलं. शेवटच्या तासात तिने दोनदा विचारलं, “आले का?” एवढंच. मुलाने कुलगुरूंच्या कार्यालयात फोन लावला. दादाच्या सहायक बाईंनी तो घेतला आणि “लगेच निरोप देते” म्हणाल्या. निरोप माझ्यापर्यंत आला नाही.

या बाईंना सगळं विद्यापीठ टाचणीबाई म्हणतं. त्यांच्या बाहीला कायम चार-पाच टाचण्या खोचलेल्या असतात आणि सुटा कागद दिसला की त्यांना राहवत नाही. चौथ्या दिवशी माझा मुलगा त्यांना भर कॉरिडॉरमध्ये वाटेल ते बोलला. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी लेखी तक्रार दिली. बाईंची बदली तळघरात झाली, जुन्या गुणपत्रिकांच्या कोठीत. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली: कर्तव्यात कसूर.

या गोष्टीला नऊ महिने झाले. आता दादा निवृत्त होत होता.

सत्कार शनिवारी होता. गुरुवारी दुपारी आम्ही सगळे दादाच्या सरकारी बंगल्यावर जमलो. बंगला अर्धा रिकामा झालेला. भिंतींवर तसबिरी काढलेल्या जागी पांढरे चौकोन दिसत होते आणि जेवणाच्या टेबलाभोवती खोकी होती. मी मानपत्राचा कच्चा छापील मसुदा घेऊन गेलो होतो. पूर्वी असा मसुदा हिच्या हातून गेल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. सव्वीस वर्षं ती आमच्याकडे मुद्रितं तपासत होती. ओळीखाली पोलादी पट्टी धरायची, आणि शंका आली की समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून पुढे जायची. विचारलं तर म्हणायची, “मी चूक म्हटलेलं नाही. पुन्हा बघा एवढंच म्हटलंय.”

ती पट्टी आता माझ्या खिशात असते.

“भावजी, मोठ्याने वाचा,” वहिनी म्हणाल्या. “यांना स्वतःचं कौतुक मनातल्या मनात पचत नाही.”

“मला काही ऐकायचं नाही,” दादा म्हणाला. “ऱ्हस्व-दीर्घ बघ आणि छाप.”

“भाषा विभागाच्या प्रमुखांनी लिहिलंय. दोनदा ‘दीपस्तंभ’ आलाय आणि एकदा ‘वटवृक्ष’.”

“एक दीपस्तंभ काढ. एका विद्यापीठाला एक पुरे.”

माझा मुलगा हसला. तो पुलांच्या बांधकामावर असतो, रजा काढून आला होता. आई गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण दादाशी त्याचं छान जमतं. त्या दिवसांत दादाच त्याच्याजवळ बसून राहिला होता. मला ते जमलं नव्हतं.

मी वाचायला लागलो. रात्रीचं ग्रंथालय, मुलींचं दुसरं वसतिगृह, निकाल वेळेवर लागायला लागले ते, संप झाला तेव्हा दादा पोलिसांना फाटकाबाहेर थांबवून एकटा मुलांमध्ये जाऊन बसला होता ते. यातलं काही खोटं नव्हतं. मग ही ओळ आली:

“हाती आलेला कोणताही कागद, मग तो शिपायाचा रजेचा अर्ज असो वा मंत्र्यांचं पत्र, त्यावर वेळ घालून सही केल्याशिवाय त्यांनी खाली ठेवला नाही.”

“व्वा,” मुलगा म्हणाला. “मोठे काका, ही ओळ म्हणजे अगदी तुम्ही. मी साइटवर पोरांना हेच सांगतो. आमच्या काकांची हिरवी सही बघा म्हणावं, मिनिटासकट.”

“ती ओळ काढ,” दादा म्हणाला.

“का रे?” मी म्हणालो. “सगळ्यात खरी ओळ हीच आहे. बाकी सगळी रोषणाई.”

“लांबतंय. काढ.”

“एका ओळीने काय लांबतंय? उलट दीपस्तंभ काढल्यामुळे जागा झालीय.”

दादाने पाण्याचा ग्लास उचलला. प्यायला नाही. हातात धरून बसला.

त्याच वेळी आतल्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर पुतणीने सांगितलं, म्हणून ते इथे लिहितो. दादाची ही एकुलती एक मुलगी दातांची डॉक्टर आहे, पण घरात तिला वकील म्हणतात. चार वर्षांची असताना तिने वाद घालून माझ्याकडून एक सायकल मिळवली होती. शनिवारी सभागृहाबाहेर दादाच्या वस्तूंचं एक काचेचं कपाट मांडायचं ठरलं होतं आणि ती त्यासाठी कागद निवडत होती. अभ्यासिकेतल्या खालच्या खणात एक पातळ पुडकं होतं, वर काही लिहिलेलं नाही. आत एकच कागद. चतकोर, दुहेरी घडी घातलेला, टाचणी लावलेला. घडीच्या वरच्या बाजूला हिरव्या शाईत ११.४० आणि दादाची आद्याक्षरं.

तिने टाचणी काढली, आतलं वाचलं आणि आईला हाक मारली. वहिनी उठून आत गेल्या, त्या तेवढ्यासाठी. मला वाटलं चहा टाकायला गेल्या असतील.

“हे काय आहे आई?”

वहिनींनी वाचलं. पुन्हा घडी घातली. “खोक्यात टाक. शनिवार होऊ दे.”

“तुला माहीत होतं?”

“नव्हतं.”

“मग विचारत का नाहीयेस मला काही? दचकलीसुद्धा नाहीस.”

वहिनी खिडकीशी गेल्या. “त्या दिवसापासून तुझे बाबा पाण्याचा ग्लास खाली ठेवत नाहीत. संपेपर्यंत हातात धरतात. घरी, कार्यक्रमात, कुठेही. मी विचारलं नाही. मला वाटलं, भावाचं दुःख आहे, कसंही बाहेर पडतं.”

“काकाला माहीत असायला नको?”

“दोन दिवसांनी असू दे ना. पस्तीस वर्षं राबलाय तो माणूस. दोन दिवस.”

“आणि ती बाई नऊ महिने तळघरात आहे त्याचं काय?”

वकील चिठ्ठी घेऊन बाहेर आली. वहिनी तिच्या मागे आल्या, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

मी तेव्हा त्या ओळीवरच होतो. पुतणीने चिठ्ठी माझ्यासमोर, मसुद्यावरच ठेवली. “काका, हे आधी वाच.”

अक्षर टाचणीबाईंचं होतं, गोल आणि सुटं. “छापखाना साहेबांच्या पत्नी अत्यवस्थ. साहेबांना ताबडतोब रुग्णालयात पाठवावे. चिरंजीवांचा फोन ११.३६.”

मी पट्टी त्या ओळींखाली धरून वाचलं. का धरली, माहीत नाही. हाताची सवय. मग उलटून हिरवा आकडा बघितला. मुलाने माझ्या खांद्यावरून वाचलं.

“मी घडी उघडली नव्हती,” दादा म्हणाला. “बैठक चालू असताना घडी उघडायची नाही, हा माझाच नियम. वेळ घातली, सही केली, ग्लासखाली ठेवली.”

“कधी उघडलीस?”

“दीड वाजता. टेबल आवरताना. तू तोवर गाडीत बसला होतास.”

“दीड वाजता,” मुलगा म्हणाला. “म्हणजे संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं.”

“होतं.”

“मी त्या बाईला काय काय बोललो ते मी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, होतं असं माणसाचं, पाणी पी.”

दादाने ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

“माझ्या आईच्या वयाची बाई आहे ती, काका.”

“ओरडू नकोस त्यांच्यावर,” वहिनी म्हणाल्या.

“मी ओरडतोय? मी अजून ओरडलोच नाहीये काकू.”

मी दादाला विचारलं, “आणि माझा तक्रारअर्ज? तो आला होता तुझ्याकडे?”

“आला.”

“वेळ घातलीस त्यावर?”

“तीन दहा.”

“सही?”

“केली.” ग्लास त्याच्या हातातच होता. “रोज वाटायचं, आज तुला सांगू. मग वाटायचं, तुझी बायको गेलीय, वर भाऊही जायला नको. बाईंशी बोलून घेऊ, निवृत्तीआधी त्यांचं काहीतरी नीट करू. मग निवृत्तीच आली.”

“फाडली का नाही ही?” पुतणीने विचारलं. “कुणाला कळलंच नसतं.”

“हातात आलेला कागद मी फाडत नाही.”

हे तो अगदी सरळपणे म्हणाला. एरवी आम्ही हसलो असतो.

मुलगा उठला. “बाबा, चला. शनिवारी आपल्यातलं कुणी जाणार नाही. त्यांचे दीपस्तंभ त्यांना लखलाभ.”

“मग बाईंचं काय?” वकील म्हणाली. “तुम्ही घरी बसलात की झालं? बाबांनी व्यासपीठावरून सांगायला पाहिजे. ज्यांच्यासमोर तिची अब्रू गेली त्यांच्यासमोर.”

“निरोपाच्या दिवशी?” दादा म्हणाला. “पाचशे माणसं येणार आहेत. मी काय म्हणू त्यांना?”

“अकरा चाळीस म्हणा,” वहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. पंधरा मिनिटांपूर्वी शनिवार होऊ दे म्हणणारी हीच बाई, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण त्यांचा आवाज बदललेला कळत होता. “बोलायचं नसेल तर नका बोलू. मी पहिल्या रांगेत बसणार नाही. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील आणि फोटोत दिसेल.”

“तू पण?”

“मी पण. ती माझी जाऊ होती हो. तिने तुमचं एकूण एक भाषण तपासलंय.”

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझंच माणूस गेलं होतं, म्हणजे मी म्हणेन ते होणार, असं काहीसं. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. ती बैठकीची खोली. उजवीकडची तिसरी खुर्ची. ते मी तिथे बोललो नाही.

“ओळ राहील,” मी म्हणालो. “मसुदा आहे तसा छापतोय. पुढचं काय ते दादाने बघावं.”

खिशातून पेन्सिल काढून मी त्या ओळीच्या समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि मसुदा दादापुढे सरकवला. त्याने बराच वेळ त्या चिन्हाकडे बघितलं. मग पेन काढलं, वेळ घातली, सही केली.

शुक्रवारी त्याने टाचणीबाईंना परत वर घ्यायचा आदेश काढला आणि स्वतः तळघरात जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, टाचणी लावून फायलीत ठेवला आणि म्हणाल्या, “बघते.” हे दादाने मला फोनवर सांगितलं. आमचं त्या दोन दिवसांतलं तेवढंच बोलणं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. माझा मुलगा आला, पण दाराशी उभा राहिला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हे त्याने मागाहून सांगितलं: बाई कुठे बसल्यात ते शोधायचं आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत त्यांच्याशी बोलायचं. त्या शेवटच्या रांगेत कडेला होत्या. वकील स्वतः घरी जाऊन त्यांना बोलावून आली होती. मुलगा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, “त्या दिवशी मी जे बोललो ते मागे घेतो.” बाई म्हणाल्या, “बसा. तुमच्यामुळे लोकांना दिसत नाहीये.” तो त्यांच्या शेजारी बसला.

भाषणं झाली. मानपत्र वाचलं गेलं. ती ओळ आली तेव्हा टाळ्या पडल्या. मग दादा उठला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, पण त्यांनी हातातली पर्स मांडीवर घट्ट धरली होती, कुठल्याही क्षणी उठायच्या तयारीने.

दादा पाचच मिनिटं बोलला. आभार मानले. मग खिशातून चतकोर कागद काढला.

“आत्ता मानपत्रात वाचलंत की मी प्रत्येक कागदावर वेळ घालून सही करतो. नऊ महिन्यांपूर्वी मंडळाच्या बैठकीत ही चिठ्ठी माझ्यासमोर आली. माझ्या भावासाठी होती. त्याची पत्नी शेवटचे श्वास घेत होती. मी वेळ घातली, सही केली आणि न वाचता ठेवून दिली. ज्या बाईंनी ती चार मिनिटांत माझ्यापर्यंत आणली त्यांना शिक्षा झाली आणि मी ती होऊ दिली. त्या इथे बसल्या आहेत. चूक माझी आहे, त्यांची नाही. एवढंच.”

तो बसला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या पुढच्या खुर्चीवरचे परीक्षा विभागाचे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, “बघा, जातानासुद्धा केवढा मोठेपणा.” दादा मान खाली घालून बसला होता. टाळ्या थांबाव्यात म्हणून त्याने हात वर केला, तर त्या आणखी वाढल्या.

मी मागे बघितलं. टाचणीबाईंची खुर्ची रिकामी होती.

त्या मला वाहनतळाशी सापडल्या. सायकलचं कुलूप काढत होत्या. मी जाऊन उभा राहिलो.

“दादाने सांगितलं,” मी म्हणालो.

“साहेबांनी त्यांचं सांगितलं. लोकांना आवडलं.” त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं. “वरची जागा मला नकोय. तळघरात बरंय, कागद बोलत नाहीत. फक्त सेवापुस्तकातली लाल ओळ जायला पाहिजे. चार महिन्यांनी मी पण निवृत्त होतेय. आस्थापनेत विचारून आले, कुलगुरूंच्या आदेशाने बदली रद्द होते, नोंद जात नाही. तक्रारदाराने तक्रार मागे घ्यावी लागते. कारण लिहून.”

“लिहितो ना. चिठ्ठी वेळेत पोहोचली होती, असं...”

“तेवढं नाही.” आता पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुमच्या अर्जात काय लिहिलंय, आठवतंय का? ‘सदर कर्मचारी बैठकीदरम्यान आत आल्याच नाहीत.’ मी आत आले होते साहेब. तेव्हा हे सांगितलं असतं तर कुलगुरूंविरुद्ध माझं कुणी ऐकलं नसतं. चिठ्ठी मोठ्या साहेबांपुढे ठेवली आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तिसऱ्या खुर्चीवर होतात. बोलायची मुभा नव्हती, म्हणून मी तिथेच थांबून राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.”

त्यांनी सायकल स्टँडवरून उतरवली.

“मग तुम्ही मान खाली घातलीत.”

त्या सायकलवर बसून निघून गेल्या. सभागृहात अजून टाळ्या चालू होत्या की दुसरा कार्यक्रम सुरू झाला होता, मला कळलं नाही.

त्यांचं खरं आहे. मी बघितलं होतं. बाई नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या आहेत, हे मला दिसलं होतं. मला वाटलं, कागदाच्या दराचा विषय पुढे ढकलला असेल, तेच सांगायचं असेल, आणि मला तो त्या दिवशी संपवायचा होता, कारण पुन्हा बैठकीला यायला नको होतं, हिला घेऊन आठ दिवस कुठेतरी जायचं होतं. म्हणून मी समोरच्या आकड्यांत डोकं घातलं. दादाने घडी उघडली नाही. मी मान वर केली नाही. अर्ज लिहिताना मला हे आठवत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे.

याला आता सात आठवडे झाले. दादा आणि वहिनी नव्या घरी राहायला गेले. मुलगा रविवारी येतो, थोडं जास्त बोलतो. मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज तीनदा लिहिला. पहिल्या दोन्हींत चूक दादाची आहे. तिसऱ्यात मी बाईंना आत आलेलं पाहिलं, हे वाक्य आहे. मी त्याखाली पट्टी धरून ते वाचलं. त्यात एकही चूक नाही.

त्यावर तारीख घालायची आणि सही करायची राहिली आहे.